जुनी जावा-येझदी घरच्या शेडमध्ये उभी करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात आमच्या घरामागे बारा बाय दहाची पत्र्याची शेड आहे. पूर्वी तिथे जळण आणि शेणी असायच्या. २०११ पासून तिथे जावा आणि येझदी खोलल्या जातात. पहिली गाडी वडिलांची, १९७१ सालची. तेरा वर्षं ती गोठ्याच्या कडेला पोत्यांखाली उभी होती. तिच्यानंतर मित्रांच्या गाड्या आल्या, मग पाहुण्यांच्या, मग पाहुण्यांच्या पाहुण्यांच्या. लग्नात, पेट्रोल पंपावर, रात्री साडेदहाच्या फोनवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून काढली. यातलं बरंचसं राजदूत किंवा आरएक्स १०० सारख्या कुठल्याही जुन्या टू-स्ट्रोकला लागू पडेल, पण मापं आणि खोडी जावा-येझदीच्याच आहेत.

जावा आणि येझदी एकच का?

एकाच घरातल्या. जावा मूळची चेक. फ्रांतिशेक यानेचेक यांनी १९२९ मध्ये जर्मनीच्या वांडरर कंपनीकडून मोटरसायकलचं काम विकत घेतलं आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून ‘जावा’ हे नाव केलं. आपल्याकडे रुस्तम आणि फारुख इराणी यांनी मैसूरला आयडियल जावा हा कारखाना काढला आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथे परवान्यावर जावा बनू लागली. १९७३ पासून तिथल्या गाड्या ‘येझदी’ नावाने आल्या. हे नाव इराणमधल्या यझ्द शहराशी जोडलेलं आहे. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला.

सुरुवातीच्या येझदी म्हणजे नाव आणि वरचा साज बदललेली जावाच. १९७८ ची रोडकिंग मात्र बरीच वेगळी आहे. त्यामुळे पार्ट मागताना नुसतं ‘येझदीचा’ म्हणू नका. मॉडेल सांगा, साल सांगा, आणि जमलं तर जुना पार्टच खिशात घेऊन जा.

पहिलीच गाडी असेल तर कुठली घ्यावी?

जी पूर्ण आहे ती. रंग उडालेली, गंजलेली, बंद पडलेली चालेल, पण तिचे सगळे अवयव तिच्या अंगावर असावेत. इंजिनाचं काम पैसे देऊन होतं. हेडलाइटचं मूळ घर, चेन पूर्ण झाकणारं कव्हर, दोन्ही बाजूंचे टूलबॉक्स, टाकीचं झाकण, मूळ सायलेन्सर ही मंडळी मात्र एकदा हरवली की वर्षानुवर्षं सापडत नाहीत. मी एका गाडीच्या डाव्या टूलबॉक्सच्या झाकणासाठी दोन पावसाळे थांबलोय.

घरातलीच गाडी असेल तर तीच करा. कागद घरात असतात, इतिहास माहीत असतो, आणि काम रखडलं तरी ती भंगारात जात नाही.

विकत घेताना काय बघायचं?

आधी कागद, मग गाडी. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर बॅटरीच्या उजेडात स्वतः वाचा आणि आरसी बुकाशी अक्षर-अक्षर जुळवा. नंबरावर कानस फिरवल्याच्या खुणा दिसल्या, किंवा आकडे वाकडेतिकडे ठोकलेले वाटले, तर गाडी कितीही देखणी असली तरी तिथून निघा. ‘नंबर नंतर पंच करून देतो’ म्हणणाऱ्याकडून काहीही घेऊ नका.

मग खिशातून लोहचुंबक काढा. टाकीवर, मडगार्डवर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे खाली पुट्टीचा थर आहे. स्टँडवर घेऊन मागचं चाक आडवं हलवा, स्विंग आर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश गेले असतील तर लगेच कळतं. किक हाताने दाबा. ती खाली जाऊन कुठे अडकते, मोकळी सुटते की जागची हलतच नाही, हे लक्षात ठेवा. बॅरलच्या (पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या सिलिंडरच्या) पात्या तुटल्या आहेत का, क्रँककेसला (इंजिनाच्या खालच्या घराला) खालून वेल्डिंग मारलंय का, हे गुडघ्यावर बसून बघा. विकणारा ‘कालपर्यंत चालू होती’ म्हणेल. त्यावर वाद घालत बसू नका, ती बंदच आहे असं धरून किंमत करा.

जागा आणि हत्यारं किती लागतात?

गाडीभोवती चारही बाजूंनी माणूस बसू शकेल एवढी जागा, वर पत्रा, खाली सिमेंटचा कोबा आणि कुलूप. सोसायटीच्या पार्किंगमध्ये करणारेही आहेत, पण इंजिन खोलल्यावर ते घरातच न्या. पार्किंगमधून एक सर्क्लिप (पिन जागेवर धरणारी छोटी कडी) जरी गायब झाला तरी महिना जातो.

हत्यारांत रिंग पाने आणि फिक्स पाने, टी-पाने, चांगल्या पोलादाचे पेचकस, पक्कड, सर्क्लिपची पक्कड, फिलर गेज, प्लग पाना, रबरी हातोडी आणि व्हर्निअर. साइड कव्हरचे जुने स्क्रू जाम झालेले असतात, त्यासाठी इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्याच. साध्या पेचकसाने जोर लावला की स्क्रूची खाच जाते आणि पुढे ड्रिल मशीनपर्यंत गोष्ट पोहोचते.

दोन हत्यारं खास जावाची : प्रायमरीचं (इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनचं) स्प्रॉकेट काढायचा पुलर आणि डायनॅमोचं (वीज बनवणाऱ्या यंत्राचं) आर्मेचर, म्हणजे त्याचा फिरणारा भाग, काढायचा बोल्ट. आर्मेचर क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) निमुळत्या टोकावर घट्ट बसलेलं असतं. आपला बोल्ट त्याच्या आट्यांत फिरवत गेलं की ते ‘टक्’ करून सुटतं. ते हातोडीने ठोकून काढलेलं मी पाहिलं आहे. त्या गाडीचा क्रँक वाकडा झाला आणि शेवटी पुन्हा प्रेसवर गेला. लेथवाल्याकडून हे पुलर एकदा करून घ्या, आयुष्यभर पुरतात.

सुरुवात कुठून करायची? सगळी गाडी खोलून टाकू का?

नका खोलू. हे मी अगदी कळकळीने सांगतोय, कारण अर्धवट खोलून गोणीत भरलेल्या पाच गाड्या माझ्याकडे आल्या आहेत आणि पाचांपैकी एकीचेही सगळे नट-बोल्ट मिळाले नाहीत. उत्साहाच्या पहिल्या रविवारी गाडी तीन तासांत सुटी होते. ती जोडायला दोन वर्षं लागतात, आणि तोपर्यंत कुठली वॉशर कुठली ते कुणालाच आठवत नाही.

माझी पद्धत अशी. गाडी आहे तशी रॉकेलने आणि ब्रशने धुवायची. चारही बाजूंनी फोटो काढायचे, मग वायरिंगचे, केबल कुठून कशी गेलीय त्याचे, प्रत्येक ब्रॅकेटचे. त्यानंतर ती आहे त्या अवस्थेत चालू करायचा प्रयत्न करायचा. नवीन प्लग, साफ केलेला कार्ब्युरेटर, चार्ज केलेली बॅटरी, टाकीऐवजी बाटलीतून पेट्रोल. चालू झाली तर गिअर पडतात का, क्लच सुटतो का, आवाज कुठून येतो, हे सगळं कळतं आणि कामाची यादी आपोआप तयार होते. गाडी आधी चालती करायची, शंभर-दोनशे किलोमीटर फिरवायची, आणि मगच रंग-क्रोमसाठी खोलायची. रंग आधी करून नंतर इंजिनाला हात घातला की ताज्या रंगावर पाना घसरतोच.

खोलताना एका वेळी एकच भाग. प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या डबीत, डबीवर चिठ्ठी. आमच्या शेडमध्ये श्रीखंडाचे रिकामे डबे आहेत, झाकण घट्ट बसतं आणि आतलं बाहेरून दिसतं.

इंजिन जाम आहे. किक हलतच नाही. काय करू?

किकवर उभं राहू नका. आधी जाम नक्की कुठे आहे ते बघा. कधी कधी पिस्टन मोकळा असतो आणि किकचा लिव्हरच अडकलेला असतो. जावाचा गिअर लिव्हर आणि किक एकच, आत दाबून वर फिरवला की किक होते. वर्षानुवर्षं न वापरलेला हा जोड मातीने आणि वाळलेल्या ग्रीसने आवळतो. म्हणून उजवीकडचं कव्हर काढून आर्मेचरच्या बोल्टवर पाना लावा आणि अगदी हलक्या हाताने पुढेमागे करून बघा.

पिस्टनच जाम असेल तर प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि टूटी ऑइल (टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये घालायचं ऑइल) समप्रमाणात ओता, साधारण अर्धी वाटी. वर चिंधीचा बोळा लावा आणि आठ दिवस इंजिन फिरवायचं विसरून जा. रोज थोडं टाकत राहा. वडिलांच्या गाडीला अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी पान्याला जराशी ओढ लागली, केसभर, आणि मग बोटभर. त्या दिवशीही मी ती पूर्ण फिरवली नाही. गंजाचे कण रिंगा आणि बॅरलच्या मध्ये असतात, जबरदस्तीने फिरवलं की ते बॅरलला उभे ओरखडे पाडतात. हेड काढा, बॅरल अलगद वर घ्या, आणि बॅरल सुटताना खाली क्रँककेसच्या तोंडावर स्वच्छ कापड कोंबा. तुटलेल्या रिंगेचा तुकडा आत पडला तर पूर्ण इंजिन खोलावं लागतं.

रीबोअर करावं का?

रीबोअर म्हणजे झिजलेलं बॅरल आतून कोरून मोठं करणं. माप घेतल्याशिवाय उत्तर नाही. मूळ बोअर (बॅरलचा आतला व्यास) ६५ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ७५. बोअर पाव-पाव मिलिमीटरने वाढवत नेता येतं आणि त्या त्या मापाचा ओव्हरसाइज पिस्टन बसतो. म्हणजे प्रत्येक रीबोअर ही बॅरलच्या आयुष्यातली एक पायरी आहे, आणि पायऱ्या मोजक्याच आहेत.

शिवाजी उद्यमनगरात एक वयस्कर मेस्त्री आहेत. मी वडिलांच्या गाडीचं बॅरल घेऊन गेलो तेव्हा ठरवूनच गेलो होतो की रीबोअर करायचं. त्यांनी बॅरल दारात, उजेडात धरलं. बोअर गेज वर लावलं, मधे लावलं, खाली लावलं. मग फिरवून आडव्या दिशेने पुन्हा तीनदा. सहा आकडे खडूने फरशीवर लिहिले आणि म्हणाले, “दादा, हे अजून जिवंत आहे. होन मारतो, रिंगा बदला. एक साइज शिल्लक राहू द्या पोराबाळांसाठी.” होन म्हणजे बॅरल आतून हलकंच घासून घेणं. ती गाडी त्याच बोअरवर आजही चालते.

रीबोअर करावंच लागलं तर दोन गोष्टी मेस्त्रींना स्वतः सांगा. पिस्टन आधी हातात द्या आणि त्या पिस्टनच्या मापावर बोअर करायला सांगा, कारण एकाच साइजचे दोन पिस्टन तंतोतंत सारखे निघत नाहीत. दुसरं, बोअर झाल्यावर पोर्टच्या कडांची धार घालवायला सांगा. टू-स्ट्रोकच्या बॅरलला खिडक्या असतात. त्यांची कड ब्लेडसारखी धारदार राहिली तर रिंग तिथे अडकते आणि तुटते. फोर-स्ट्रोकचंच काम जास्त करणारे कारागीर हे विसरतात. बॅरल घरी आणल्यावर आत बोट फिरवून बघा. कड बोटाला लागत असेल तर परत न्या.

धूर थांबतच नाही. ऑइल कमी केलं तरी पांढरा धूर येतो. का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल, हवा आणि ऑइलचं मिश्रण आधी पिस्टनच्या खाली, क्रँककेसमध्ये येतं आणि तिथून वर ढकललं जातं. हे जमायचं तर क्रँककेस हवाबंद हवी. ती हवाबंद ठेवतात क्रँकच्या दोन टोकांची दोन रबरी ऑइल सील. गाडी दहा-पंधरा वर्षं उभी राहिली की ही सील वाळून कडक होतात.

डावीकडे प्रायमरी चेन, क्लच आणि गिअर एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. त्या बाजूचं सील गेलं की इंजिन ते गिअर ऑइल आत ओढून जाळायला लागतं. धूर दाट, पांढरा, वासाला जड. टाकीतलं टूटी कमी करून काहीच फरक पडत नाही, उलट पिस्टनच उपाशी राहतो. खात्री करायची तर गिअर ऑइल लेव्हल बोल्टपर्यंत भरा, शंभर किलोमीटर चालवा आणि पुन्हा बघा. खाली जमिनीवर थेंब नाही आणि ऑइल मात्र कमी झालंय, तर ते इंजिनानेच प्यायलंय.

उजवीकडे डायनॅमो असतो, तिथे ऑइल नसतं. ते सील गेलं तर धूर येत नाही, म्हणून कुणाचं लक्षही जात नाही. पण तिथून बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), आयडलिंग आपोआप चढतं, ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन पटकन खाली येत नाही, हेड भलतंच तापतं. मग एखाद्या दुपारी हायवेवर पिस्टन सीज होतो, म्हणजे तापून जाम होतो. डायनॅमोच्या खोलीत तेलकट ओल दिसली तर संशय याच सीलवर घ्या. लोक अशा वेळी जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) बदलतात, प्लग बदलतात, कार्ब्युरेटरच नवा आणतात.

इंजिन एकदा खोललंच आहे तर दोन्ही सील बदला, दोन्ही क्रँक बेअरिंग बदला, आणि कनेक्टिंग रॉडचा खालीवर खेळ बघा. रॉड आडवा थोडा सरकतो, तो सरकायलाच हवा. खालीवर जरासाही ‘टक-टक’ नको. रॉड किट घालायचं असेल तर क्रँक प्रेस करून पुन्हा सरळ करणारा जाणकार शोधा. हे काम घरी होत नाही.

ऑइल-पेट्रोलचं प्रमाण काय ठेवायचं?

जुन्या जावाचं मूळ प्रमाण १:२५, म्हणजे लिटरला ४० मिली. ते त्या काळच्या साध्या ऑइलसाठी होतं. आजच्या चांगल्या टूटी ऑइलवर अनेक जण ३० मिलीवर चालवतात आणि मीही तेवढंच घालतो. नवीन पिस्टन असेल तर पहिले पाचशे किलोमीटर ४० च्या खाली येऊ नका. इथे अंदाज नको, मोजमाप हवं, म्हणून खिशात खुणा केलेली बाटली ठेवा. ऑइल पेट्रोलमध्ये नीट मिसळून मगच टाकीत घाला.

वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या इंजिनाचं नुकसान होतं का?

होतं, पण ओळखून वागलं तर निभावतं. इथेनॉल ओल शोषतं. टाकीत पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी वेगळे होऊन तळाशी बसतात, आणि आपल्या गाडीचा कॉक (टाकीखालचा पेट्रोलचा नळ) तळातूनच ओढतो. त्या थरात ऑइल नसतं. कोकणात, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यातसुद्धा, हा धोका खरा आहे. जुनी रबरी नळी मऊ पडते, कॉकमधलं बूच आणि वॉशर फुगतात.

म्हणून नळी इथेनॉल सहन करणारी घ्या, कॉकचे वॉशर बदला. इथेनॉलमुळे मिश्रण थोडं पातळ होतं, तेव्हा प्लगचा रंग बघून गरज पडल्यास मेन जेट एक नंबर मोठा घाला. प्लग खरपूस भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीच्या रंगाचा हवा. पांढरा पडला तर थांबा. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवा.

स्पार्कच येत नाही.

बॅटरी बघा. या गाड्यांचं इग्निशन बॅटरीवर चालतं. मूळ यंत्रणा ६ व्होल्टची, ४५ वॉटच्या डायनॅमोची. बॅटरी मेली की किक मारून पाय दुखतील, स्पार्क येणार नाही. बॅटरी ठीक असेल तर पॉइंट (उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क). त्यावर काळपट थर चढलेला असतो, बारीक पॉलिश पेपरने पुसा आणि शेवटी कोरा कागद ओढून घ्या. पॉइंट पूर्ण उघडलेले असताना फट ०.४ मिलिमीटर. मग कंडेन्सर. पॉइंटवर निळी-पांढरी ठिणगी जोरात उडत असेल तर कंडेन्सर गेला.

टायमिंग लावताना पॉइंट नेमके कधी उघडतात ते डोळ्याला कळत नाही. पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरा आणि क्रँक हळूहळू फिरवा. कागद सुटला तो क्षण. त्या क्षणी पिस्टन वरच्या टोकापासून किती खाली आहे ते तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधल्या मापाशी जुळवा.

१२ व्होल्ट करावं का, असंही विचारतात. रात्री नेहमी फिरत असाल तर जरूर करा, उजेड हा जिवाचा प्रश्न आहे. पण मूळ डायनॅमो, रेग्युलेटर आणि कॉइल जपून ठेवा. मी माझी ६ व्होल्टवरच ठेवली आहे, कारण ती सूर्यास्तानंतर फारशी बाहेर पडत नाही.

टाकी आतून गंजली आहे.

किराणा दुकानातलं लिंबूसत्व. लिटरभर कडकडीत पाण्याला शंभर ग्रॅम. कॉक काढून भोक बंद करा, टाकी काठोकाठ भरा, रात्रभर ठेवा. सकाळी पाणी चहासारखं होतं. गंज जाड असेल तर आत मूठभर छोटे नट टाकून टाकी चादरीत गुंडाळून हलवा, आणि नट मोजून टाका, मोजून काढा. मग खायच्या सोड्याचं पाणी, मग साधं पाणी, आणि लगेच कडक उन्हात वाळवून आत टूटी मिसळलेलं पेट्रोल फिरवा. ‘लगेच’ म्हणजे त्याच तासाला, नाहीतर संध्याकाळपर्यंत नारंगी थर पुन्हा येतो. आतून लावायच्या स्वस्त कोटिंगच्या मी विरोधात आहे. ते सुटलं की त्याच्या पापड्या कॉकमध्ये अडकतात.

टाकीला भोक असेल तर ब्रेझिंग घरी करू नका. रिकाम्या टाकीतली पेट्रोलची वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते. अनेकदा पाण्याने धुऊन, पाणी भरूनच काम करणाऱ्या माणसाकडे द्या. जाता जाता ब्रेकबद्दलही सांगतो : जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली धूळ फुंकर मारून किंवा कंप्रेसरने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या.

क्रोम आणि रंग कुठे, कसा करावा?

माझ्या वहीतल्या प्रत्येक गाडीच्या हिशेबात क्रोम आणि रंगाचा आकडा इंजिनापेक्षा मोठा आहे. म्हणून आधी विचारा, मूळ क्रोम वाचतंय का? कापसावर थोडं ऑइल घेऊन ॲल्युमिनियम फॉइलच्या बोळ्याने घासलं की अर्धा गंज निघून जातो. बारीक ठिपके राहिलेलं मूळ क्रोम मला नव्या चकचकाटापेक्षा नेहमीच जास्त आवडतं. त्यावर पन्नास वर्षांचे हात फिरलेले असतात.

पुन्हा क्रोम करावंच लागलं तर बफिंगवर लक्ष ठेवा. एकदा मी टाकी एका प्लेटिंगवाल्याकडे ठेवून आलो. त्याने खड्डे घालवायला इतकं घासलं की बाजूच्या पट्टीची उठावदार कड सपाट झाली आणि एका जागी पत्रा बोटाने दबायला लागला. क्रोम आरशासारखं होतं, पण तो आकार परत येणार नव्हता. तेव्हापासून मी बफिंग स्वतः उभं राहून करून घेतो, आणि क्रोमखाली निकल किती वेळ देणार हे आधी विचारतो. निकल पातळ असेल तर पहिल्याच पावसाळ्यानंतर गंज वर येतो.

रंगात घाई नको. जुना रंग उतरवताना टाकीच्या खालच्या बाजूचा, ऊन न लागलेला, तळहाताएवढा तुकडा तसाच ठेवा. खरा मरून रंग तिथेच दिसतो. चेसिसला पावडर कोटिंग टिकतं, पण चेसिस नंबर झाकला जाता कामा नये.

सोनेरी लाइनिंगसाठी स्टिकर लावू नका. ही ओळ हाताने ओढायची असते. आमच्या गावात बॅनर आणि बोर्ड रंगवणाऱ्यांची मोठी परंपरा होती, आणि त्यातलेच एक वयस्कर पेंटर माझ्या टाक्यांना लाइनिंग करतात. लांब केसांचा ब्रश रंगात भिजवून ते तो आधी काचेवर दोनदा ओढतात. मग करंगळी टाकीच्या कडेवर टेकवतात, श्वास घेतात, आणि श्वास सोडता सोडता एका दमात ओळ पूर्ण करतात. जवळून बघितलं तर वळणावर ती ओळ किंचित जाड होते. मूळ टाक्यांवरही तशीच आहे.

नव्या जावाचे पार्ट जुन्या गाडीला बसतात का?

नाही. २०१८ मध्ये क्लासिक लेजंड्सने आणलेली जावा फोर-स्ट्रोक आहे, पाण्याने थंड होणारी. नाव आणि रूप सोडलं तर दोन्हींत काही समान नाही.

मग पार्ट मिळतात कुठे?

पुण्यात नाना पेठ आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत चोर बाजार, दिल्लीत करोल बाग. पण सगळ्यात चांगले पार्ट गावोगावच्या बंद पडलेल्या गॅरेजच्या माळ्यावर असतात. म्हाताऱ्या मेस्त्रींशी बोला, चहा घ्या, घाई करू नका. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले ठिकठिकाणी जमतात. तिथे एका सकाळी जेवढी माहिती मिळते तेवढी सहा महिने शोधून मिळत नाही. आणि तुमच्या गाडीचा जुना पार्ट बदलला तरी टाकून देऊ नका. नवीन नकली पार्ट वर्षभरात झिजला की तोच जुना दुरुस्त करून लावावा लागतो.

आरटीओची कागदपत्रं?

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्यासाठी फॉर्म २५, गाडीची प्रत्यक्ष तपासणी, पीयूसी, विमा आणि पर्यावरण कर. नाव बदलायचं असेल तर फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली गाडी असेल तर आधी फॉर्म २८ चा ना-हरकत दाखला. एमएच-०९ सारखे नंबर येण्यापूर्वीचे तीन अक्षरी नंबर अजूनही चालतात, बदलू नका. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट मात्र जुन्या गाड्यांनाही लावावी लागते. पीयूसीत २००० पूर्वीच्या टू-स्ट्रोकला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आहे. इंजिन गरम करून नेलं आणि कार्ब्युरेटर नीट लावलेला असला की गाडी पास होते.

गाडीला पन्नास वर्षं पूर्ण झाली असतील तर २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीचा पर्याय आहे. नवीन नोंदणीला २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. आधीच नोंदलेल्या गाडीचा मूळ नंबर राहतो. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा लागतो. पण ती गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कारणांसाठीच. ज्याला रविवारी पन्हाळ्याला जायचंय त्याने साधं नूतनीकरणच करावं.

किती दिवस लागतात?

वडिलांच्या गाडीला दोन वर्षं आणि चार महिने लागले. त्यातलं प्रत्यक्ष काम असेल साठ-सत्तर दिवसांचं. बाकी वाट पाहणं.

सगळं जोडून झालं. पहिल्यांदा चालू कशी करू?

शेडच्या बाहेर आणा, जवळ वाळूची बादली ठेवा. चावी न लावता, प्लग काढून, दहा-बारा किका मारा म्हणजे बेअरिंगना ऑइल पोहोचेल. क्लच दाबून गाडी पुढेमागे ढकला, चिकटलेल्या प्लेटा सुटतात. मग प्लग लावा, कॉक उघडा, कार्ब्युरेटरचा टिकलर (वरची छोटी पिन) बाहेर पेट्रोलची ओल दिसेपर्यंत दाबा आणि किक मारा. पहिला धूर खूप येतो, जोडताना लावलेलं ऑइल जळतं, घाबरू नका. दोन मिनिटं चालवा, बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या. असं तीनदा. इंजिन थंड असतानाच हेडचे नट कोपरा-कोपरा साधून पुन्हा आवळा.

पहिल्या दिवशी घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या आतच फिरा. वरच्या गिअरमध्ये कमी वेगाने इंजिन कण्हत ओढू देऊ नका, खालचा गिअर टाका. दहा किलोमीटर झाले की सावलीत थांबा, प्लग काढून रंग बघा, आणि हात लावून प्रत्येक नट तपासा.